सरपंच ताई, ती नोंदवही पुन्हा उघडा

मुळशी तालुक्यातल्या सर्व सरपंच ताई आणि सरपंच दादा,


तुमच्यापैकी काहींना मी वर्गात शिकवलं आहे. या तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी नोकरी केली, निवृत्त झाले आणि पुण्याला न जाता इथेच राहिले. त्या नात्याने हे पत्र लिहिते आहे. सरकारी अर्ज करून लिहिण्यासारखा हा विषय नाही, पण ग्रामसभेत मांडावा असा नक्की आहे.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर कॉलेजच्या दोन मुली गावात आल्या. ग्रामीण महिलांना पर्यावरणाचं ज्ञान किती आहे आणि त्यामुळे त्यांच्या वागण्यात काय फरक पडतो, याचा अभ्यास त्यांना करायचा होता. ओळखीचं कोणीतरी सोबत हवं म्हणून मी त्यांच्याबरोबर घरोघरी गेले. पहिलं घर शेजारच्या आत्यांचं. वय सत्तरीच्या पुढचं. मुलींनी विचारलं, ‘‘आजी, पर्यावरण म्हणजे काय, माहीत आहे का?’’ आत्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘नाय बाई, ते शाळेतलं.’’ मुलींनी ‘माहीत नाही’वर खूण केली. पुढचा प्रश्न, वृक्षतोडीचे तोटे सांगता येतील का. आत्या म्हणाल्या, ‘‘आम्ही कुठं तोडतो?’’ या उत्तराला फॉर्ममध्ये जागाच नव्हती. मुली मनापासून काम करत होत्या, त्यांना दोष देण्याचा प्रश्नच नाही. पण त्या दिवशी आत्यांच्या नावापुढे जे शून्य पडलं, ते मला झोपू देईना. असे प्रश्न आणि अशी उत्तरं मी स्वतः आयुष्यभर ‘परिसर अभ्यासा’च्या पेपरांतून तपासत आले होते. दहापैकी दहा मिळवणारी मुलं शाळा सुटल्यावर वेफर्सची पाकिटं ओढ्यात टाकत जायची, तीही मी रोज बघत होते.

आता आत्या काय जाणतात ते सांगते. नुसती यादी नको म्हणून एकाच गोष्टीवर थांबते: सरपण.

सरपणाला जाताना आत्या वाळलेलं तेवढंच उचलतात. कारण साधं आहे. ओलं लाकूड डोक्यावर जड, चुलीत धूर फार, आणि भाकरी कच्ची राहते. ऐन आणि धावडा निखारा धरतात, म्हणून ते भाकरीसाठी वेगळे ठेवायचे. पांगारा आणि सावर भसकन जळून जातात, त्यांच्यासाठी पाठीवर ओझं वाहायचं नाही. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग वाळते. वाळल्यावरच ती कापायची, कुडालाही चालते आणि चुलीलाही. उंबर चुलीत घालायचा नाही. उंबर असेल तिथे खाली पाणी असतं, आणि फळ धरलं की सगळी पाखरं त्याच्यावर येतात, हे त्या बोट दाखवून सांगतात. आणि एक झाड असं आहे की ते वाळून पायाशी पडलं असलं तरी मोळीत बांधायचं नाही: बिब्बा. बिब्ब्याचा धूर लागला की तोंड सुजतं, अंगावर फोड येतात. आत्यांच्या सासूबाईंनी हे त्यांना लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात शिकवलं आणि आत्यांनी सुनेला शिकवलं. या साऱ्यात निसर्गप्रेमाचा एकही शब्द नाही. पोट, पाठ आणि डोळे यांनी मिळवलेली ही विद्या आहे आणि वागणं तिच्यातच मुरलेलं आहे. बिब्बा वाईट हे माहीत असूनही तो जाळणारी बाई मी तालुक्यात पाहिलेली नाही.

मात्र याच आत्या रोज सकाळी चूल पेटवताना दुधाची प्लास्टिकची पिशवी खाली घालायच्या. पावसाळ्यात सरपण ओलसर असतं, रॉकेल आता मिळत नाही, पिशवीने जाळ चटकन धरतो. गावातल्या बहुतेक घरांत हेच चालतं. आमच्या बायांना सगळं ठाऊक आहे, त्यांना शिकवण्यासारखं काही उरलंच नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. प्लास्टिक आत्यांच्या सासूच्या काळात नव्हतं. त्याच्या धुराबद्दल सांगायला घरात कोणी थोरली बाई नाही. शहाणपणाची साखळी जिथे तुटली तिथे नवीन ज्ञानाची गरज आहे, आणि ते बाहेरूनच यायला हवं.

ते कसं यावं, एवढाच प्रश्न आहे. प्लास्टिक जाळल्याने प्रदूषण होतं, हे त्यांनी दूरदर्शनवर शंभरदा ऐकलं होतं. काही फरक पडला नव्हता. एकदा मी चुलीजवळ बसले होते तेव्हा म्हणाले, ‘‘आत्या, हा बिब्बाच आहे. सूज लगेच दिसत नाही एवढंच. छातीत बसते, नातवाच्याही.’’ काही प्लास्टिकमध्ये क्लोरीन असतो, ते जाळलं की डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते दुधातून, माशातून पुन्हा आपल्याच अंगात येतं, हेही मग सोप्या शब्दांत सांगितलं. आत्या पिशवीकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या चूल पेटवायला कारवीच्या काटक्या आणि नारळाची शेंडी कोरडी करून ठेवू लागल्या. नवीन ज्ञान त्यांच्या जुन्या ज्ञानाच्या खुंटीला बांधलं, तेव्हा ते हातात उतरलं.

पण दोन दिवसांनी त्यांनी मला विचारलं, ‘‘बाई, मग टाकू कुठं?’’

सरपंच ताई, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते तुमच्याकडे आहे. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ला प्लास्टिकबंदी जाहीर केली, पण तेल, दूध, बिस्किटं, खत, बियाणं सगळं प्लास्टिकमध्येच गावात येतं, आणि गावातून परत न्यायला कोणी येत नाही. भूगाव-पिरंगुटकडच्या मोठ्या गावांत घंटागाडी फिरते, वरच्या वाड्यांवर नाही. सॅनिटरी पॅडचं तर कोणी नावच काढत नाही. मुली शिकल्या, कापडाऐवजी पॅड वापरू लागल्या, आरोग्याच्या दृष्टीने ते चांगलंच झालं. पण वापरलेलं पॅड टाकायचं कुठे, हे त्यांना कोणीच सांगितलेलं नाही. ओढ्यात, झुडपात, नाहीतर रात्री चुलीत. बाईला ज्ञान देऊन पुढचा रस्ता बंद ठेवला, तर ज्ञानाने तिची कोंडी तेवढी वाढते. आत्यांनी जाळणं सोडलं आणि आता त्यांच्या परड्यात पिशव्यांचं गाठोडं साठत चाललं आहे.

शेतातही मला हेच दिसतं. आपल्याकडे भातासाठी राब भाजतात. शेण, पालापाचोळा, झाडांच्या तोडलेल्या फांद्या वाफ्यावर पसरून पेटवायच्या, म्हणजे तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते आणि रोप जोमदार येतं. यात चूक काही नव्हती, रान भरपूर होतं तोवर. आता राबासाठी ऐनाची डहाळी छाटून छाटून झाडांचे खांब झाले आहेत. यावर उपाय आहे आणि तो आपल्या कोकण-मावळच्या भातासाठीच निघालेला आहे. डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री भातशेती मांडली. तिच्यात रोपवाटिकेला भाताच्या तुसाची राख द्यायची, कारण तिच्यातल्या सिलिकाने रोपाची काडी टणक होते आणि खोडकिड्याला तोंड देते. लावणीआधी आठवडाभर गिरिपुष्पाचा, म्हणजे आपल्या उंदीरमारीचा पाला चिखलात गाडायचा. लावणी दोरीने, ठरलेल्या अंतरावर करायची. आणि युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मधोमध खोचायची, म्हणजे खत पावसाच्या पाण्याबरोबर नदीत वाहून जात नाही. चारही कामं बघा. राख चुलीतून येणार, म्हणजे बाई. पाला बांधावरून आणणार, बाई. लावणी तर सगळी बायांचीच, गोळ्या खोचणंही त्यांचंच. पण या पद्धतीचं प्रशिक्षण लागतं तेव्हा सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याला बोलावतात. तो येतो, चहा घेतो, माहितीपत्रक घडी घालून खिशात ठेवतो. ते पत्रक लावणीच्या वाफ्यापर्यंत पोचत नाही. मी अशा शिबिरांना बसले आहे. मागच्या रांगेत बाया असल्याच, तर त्या स्वयंपाकाला आलेल्या असतात.

हात एकीचे आणि निमंत्रण दुसऱ्याला, हेच आपल्याकडे ज्ञान फुकट जाण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे.

बीना अग्रवाल या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी गुजरात आणि नेपाळमधल्या गावांच्या वनसमित्यांचा मोठा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक २०१० साली आलं. ज्या समित्यांच्या कार्यकारिणीत बायांची संख्या चांगली होती, तिथे जंगल अधिक सुधारलेलं आढळलं. एक-दोन बाया नावापुरत्या बसवून भागत नाही. पाव ते एक तृतीयांश झाल्या की त्या खरंच बोलू लागतात, असंही त्यातून पुढे आलं. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरी चढल्या नव्हत्या. घरातलं लेकरू आजारी पडू लागलं तेव्हा खाण्यातल्या विषाकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी जुनी गावठी बियाणं जमवायला सुरुवात केली. बाएफ संस्था पाठीशी उभी राहिली, बियाण्यांची बँक झाली, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. राहीबाईंची गोष्ट आपण कौतुकाने मुलांना सांगतो. तिच्यातला मधला दुवा मात्र सांगायचा राहतो. बियाणं कुठलं, कधी पेरायचं, कसं साठवायचं हे ज्ञान त्यांच्याकडे होतंच. ते कोणीतरी लिहून घेतलं, त्याला जागा दिली, आणि निर्णय त्यांच्या हातात राहू दिला. म्हणून ते चार घरांच्या पलीकडे गेलं.

आता डोंगराकडे वळते. फाल्गुन-चैत्रात आपले डोंगर रात्रीचे पेटलेले दिसतात. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं फुटतं, हा समज किती जुना आहे कोण जाणे. राखेने पहिला कोंब हिरवागार येतो, हे खरं. पण बी जळतं, वरची माती उघडी पडते आणि ताम्हिणीच्या अंगाला जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो तिथे ती उघडी माती थेट धरणात जाते. वणव्यात सगळ्यात आधी कोणाचं नुकसान होतं? करवंदं जळतात, त्यांची पाटी पौडच्या रस्त्यावर घेऊन बसणारी कातकरी बाई उपाशी राहते. वाळलेलं सरपण जळतं, मोळीसाठी आणखी एक टेकडी चढावी लागते. भारंगी, तेरं, कुरडू, टाकळा, चिचार्डी, चाईचा मोहर: आषाढात घरात भाजी नसते तेव्हा ताटात येणारं हे सगळं त्याच उतारावर उगवतं. म्हणून वणव्याविरुद्ध सगळ्यात जास्त बोलायला हवं ते बायांनी. खासगीत त्या बोलतातही. कोणत्या अंगाने पेटतं, कोण पेटवतं, कोणत्या आठवड्यात पेटतं, त्यांना सगळं ठाऊक असतं. ग्रामसभेत मात्र त्या गप्प असतात, कारण पेटवणारा बहुतेक वेळा कोणाचा तरी दीर किंवा सासरा असतो. एकट्या बाईने हे नाव घ्यावं, अशी अपेक्षा करणं अन्याय आहे. वीस जणींनी मिळून वणवा अडवणारी जाळरेषा कुठे काढायची ते ठरवलं, तर नाव घ्यायची वेळच येत नाही.

तशात डोंगर आता आपला राहिला आहे का, हा प्रश्न आहेच. तारेचं कुंपण पडलं की झऱ्याची वाट बंद होते. जमिनीचा सौदा होतो तेव्हा सहीसाठी बाई आठवते. बहिणींना हक्कसोडपत्रावर अंगठा करायला माहेरी बोलावतात, साडी देतात. २००५ साली कायद्याने मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हिस्सा दिला. त्याआधीच शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक देऊन हजारो शेतकऱ्यांकडून बायकोच्या नावावर जमीन करवून घेतली होती. आपल्या तालुक्यात सातबाऱ्यावर बाईचं नाव किती गटांवर आहे, ते तलाठ्याकडून एकदा मोजून घ्या. ज्या बांधावर उंबर ठेवायचा की तोडायचा हे ठरवण्याचा अधिकार तिला नाही, त्या बांधाबद्दल तिला कितीही कळत असलं तरी उंबर वाचणार नाही.

हे मुळशीत लिहिताना एक आठवण टाळता येत नाही. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. टाटांच्या धरणाविरुद्ध इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, ‘जान किंवा जमीन’ म्हणत. पांडुरंग महादेव बापटांना सेनापती ही पदवी याच लढ्याने दिली. बायाही मुलंबाळं घेऊन त्यात उतरल्या होत्या. जगातल्या धरणविरोधी लढ्यांच्या इतिहासात मुळशीचं नाव अगदी सुरुवातीला घेतात. लढा हरला. खोरं बुडालं. ते पाणी आजही डोंगरातून पश्चिमेला भिऱ्याच्या वीजगृहात उतरतं, वीज मुंबईला जाते, आणि धरणाच्या काठावरच्या वाड्यांतल्या बाया वैशाखात हंडा घेऊन चालतात. शंभर वर्षांपूर्वी ज्या बाया जमिनीसाठी उभ्या राहिल्या, त्यांच्या नाती-पणतींच्या नावापुढे आज ‘पर्यावरणाचे ज्ञान: नाही’ असं लिहिलं जावं, हे मला मान्य नाही.

देवराईचा विषय नाजूक आहे, पण तो टाळणार नाही. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला आणि या राया म्हणजे जुन्या जंगलाचे शेवटचे तुकडे आहेत, हे जगापुढे मांडलं. आपल्या गावांच्या वाघजाईच्या, काळकाईच्या राया त्यातल्याच. पान तोडायचं नाही, वाळलेली फांदी न्यायची नाही, या धाकाने त्या टिकल्या. पण त्याच धाकात काही ठिकाणी बाईला आत जायची बंदी आहे, कुठे पाळीच्या दिवसांत, कुठे कायमची. ज्या रानातून झऱ्याला पाणी येतं ते रान बाईने लांबून नमस्कार करून जपायचं, आणि जीर्णोद्धाराच्या नावाने तिथे सिमेंटचं देऊळ, फरशी, सभामंडप करायचा तर ते ठरवायला पुरुषांची बैठक बसते. देऊळ मोठं झालं आणि राई लहान झाली, असं तुमच्या गावात झालं नसेल तर तुमचं अभिनंदन. झालं असेल, तर पुढचा ठराव करण्याआधी बायांना विचारा. पाणी त्या भरतात.

आणखी एक गोष्ट, जी लिहिताना हात थरथरतो. ७ जून २०२१ला आपल्या उरवड्याच्या एका रासायनिक कारखान्यात आग लागली. सतरा कामगार गेले, त्यांत बहुतेक बाया होत्या. आसपासच्या गावांतून रोजंदारीने जाणाऱ्या, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या आणि पुड्या पॅक करणाऱ्या. पर्यावरणाचं ज्ञान म्हणजे झाडं लावणं असं आपण गेली तीस वर्षं शिकवत आलो. मी स्वतः तेच शिकवलं. त्या बायांना ज्या ज्ञानाची खरी गरज होती ते असं होतं: या डब्यात काय आहे, ते कशाने पेटतं, आग लागली तर कोणत्या दाराने पळायचं, आणि ते दार उघडं आहे की नाही. शेतात लावणी करणारी बाई कोणत्या गवताने हात चिरतो हे जाणते, कारण तिला ते कोणीतरी सांगितलेलं असतं. कारखान्यात तिला कोणी सांगितलं नाही. आज पिरंगुट-उरवडे-हिंजवडीच्या पट्ट्यात आपल्या किती तरी लेकीसुना कामाला जातात. प्रत्येक कारखान्यात कोणतं रसायन वापरलं जातं आणि अपघात झाला तर काय करायचं, याचा मराठीतला फलक ग्रामपंचायतीच्या दारात लागला पाहिजे. यासाठी ठराव करायला तुम्हाला मंत्रालयात जायची गरज नाही.

आता मूळ मागणी. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायला सांगितलं आहे. समितीत किमान एक तृतीयांश महिला असाव्यात, अशी नियमांत तरतूद झाली. समितीचं मुख्य काम, गावकऱ्यांना विचारून लोक जैवविविधता नोंदवही तयार करणं: गावात कोणती झाडं, कोणते प्राणी, कोणती बियाणं, त्यांचे उपयोग कोण जाणतं. पंधरा-सोळा वर्षं देशभर हे काम रेंगाळलं. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२०ची मुदत घातली आणि त्यानंतर राज्यांना महिन्याला १० लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं. मुदत आणि दंड आला की कागद भरले जातात. देशात अनेक ठिकाणी बाहेरच्या माणसांनी एकाच साच्यातून नोंदवह्या उतरवल्या, अशी तक्रार अभ्यासकांनी केली आहे.

तुमच्या ग्रामपंचायतीची नोंदवही कपाटात असेल. ती काढा आणि बघा. तिच्यात शेकरू असेल, मोर असेल, वड-पिंपळ असतील. बिब्ब्याचं लाकूड जाळू नये हे आहे का? तेरं चिंच घालूनच शिजवावं नाहीतर घसा खाजतो, हे आहे का? भारंगीचा पाला उकडून पिळल्याशिवाय कडूपणा जात नाही, आणि कोवळाच खुडायचा म्हणजे झुडूप पुन्हा फुटतं, हे? वैशाखातही न आटणारा झरा कोणता, कोणत्या वाडीच्या बायांना तो माहीत आहे? कोणत्या घरात आंबेमोहराचं जुनं बियाणं अजून कणगीत आहे? कातकरी वाडीवरच्या बायांना कोणते कंद कधी उकरायचे आणि कोणते ठेवायचे हे कळतं, त्यांच्याकडे कोणी वही घेऊन गेलं होतं का? आणि माहिती कोणी दिली त्या रकान्यात एका तरी बाईचं नाव आहे का?

नसेल, तर नोंदवही अपुरी आहे. ती पुन्हा लिहा. लिहिताना बायांना ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये खुर्च्यांवर बसवू नका. त्यांच्याबरोबर सरपणाला जा, लावणीला जा, झऱ्यावर जा. शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलींना वही द्या, त्या आपल्या आज्यांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत उतरवतील. आणि त्याच वहीत एक भाग नवीन गोष्टींसाठी ठेवा: प्लास्टिक, पॅड, तणनाशक, कारखान्यातली रसायनं, गॅसची टाकी. उज्ज्वलाची टाकी २०१६नंतर खूप घरांत आली, पण भरून आणायला पैसे नसले की ती कोपऱ्यात उभी राहते आणि चूल पेटते. ती टाकी भरायचा निर्णय घरात कोण घेतं, हेही विचारा. या नवीन गोष्टींबद्दल बाया काय विचारतात तेही लिहून ठेवा. आत्यांनी मला विचारलेला प्रश्न त्या भागातला पहिला असू दे.

कायद्याने नियमित ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते. ती अनेक ठिकाणी सह्यांपुरती होते, हे आपण सगळे जाणतो. या वेळी ती खरी घ्या. संध्याकाळी नको, तेव्हा चुली असतात. दुपारी, लावणी आटोपल्यावर घ्या. विषयपत्रिकेवर पहिला विषय एवढाच ठेवा: लोक जैवविविधता नोंदवहीचं जाहीर वाचन आणि दुरुस्ती. दुसरा विषय, वाडीवरचं प्लास्टिक कोण उचलणार आणि कोणत्या दिवशी.

आत्यांशी मी बोलले आहे. त्या यायला तयार आहेत. फक्त परत जाताना अंधार होऊ नये, आणि त्यांनी साठवलेलं पिशव्यांचं गाठोडं त्या दिवशी कोणीतरी ताब्यात घ्यावं, एवढ्या दोन अटी त्यांनी घातल्या आहेत. तारीख कळवा.

आपली,
मुळशी तालुक्यातली एक निवृत्त शिक्षिका